‘सुटी मिळेल का?’ : एका विनंतीचे व्याकरण

संगमनेरच्या बाजारपेठेत शिक्षण सांभाळून अर्धवेळ काम करणारा मुलगा परीक्षेच्या आदल्या दिवशी दुकानाच्या व्यवस्थापकास विचारतो, ‘शेठ, उद्या सुटी मिळेल का?’ ‘मिळणे’ या क्रियापदामुळे येथे सुटी हीच कर्ता होते. ती देणारा वाक्यात उरत नाही. ‘सुटी द्याल का?’ असे विचारणे मुलास धिटाईचे वाटते. उत्तरही त्याच ठशाचे असते : ‘जमणार नाही.’ कोणाला, हे अध्याहृत. नकार जणू पावसासारखा आपोआप येतो. मग वाद घालावा तो कोणाशी? सौजन्याची रूपे नेहमीच निरुपद्रवी असतात असे नाही.

कायद्याची भाषा निराळी आहे. १९८६ च्या बालकामगारविषयक अधिनियमात २०१६ साली दुरुस्ती झाली. तदनुसार चौदा ते अठरा वर्षांच्या किशोरास आठवड्यात एक पूर्ण दिवस सुटी दिली पाहिजे. तो वार मालकाने दर्शनी जागी लिहून लावावा आणि तीन महिन्यांत एकाहून अधिक वेळा बदलू नये. सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात त्याच्याकडून काम घेता येत नाही; जादा कामासही मनाई आहे. येथे देणारा निश्चित आहे. परीक्षेच्या सुटीचा मात्र अधिनियमात उल्लेख नाही. तिच्यासाठी ‘मिळेल का’ हेच रूप मुलाच्या हाती राहते.