पडक्या गढीत शिरण्याआधी : ती कुणाची, ओस का पडली आणि खरा धोका कशाचा?

मोबाइलचा टॉर्च, करकरणारं दार, मागे भीतीदायक संगीत आणि वर ओळ : 'इथे रात्री कुणी जात नाही.' इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर अशा व्हिडिओंची सध्या चलती आहे. ओस पडलेल्या वास्तू शोधायच्या, आत शिरायचं, शूट करायचं आणि बाहेर यायचं. जगभर या छंदाला 'अर्बेक्स' म्हणजे 'अर्बन एक्स्प्लोरेशन' म्हणतात. युरोप-अमेरिकेत त्यासाठी बंद पडलेली मनोरुग्णालयं, कारखाने आणि तुरुंग शोधले जातात. बीड जिल्ह्यातल्या आष्टीसारख्या भागात तेवढं लांब जायची गरज पडत नाही. मराठवाड्यात कितीतरी गावांच्या उंचवट्यावर एखादी ढासळलेली गढी उभी असते आणि तिच्याबद्दल गावात चार-दोन गोष्टी तरी सांगितल्या जातात.

व्हिडिओत सहसा न येणारी गोष्ट मात्र वेगळी असते. ही वास्तू कशासाठी होती? ती रिकामी कधी झाली? आणि आज ती कुणाच्या नावावर आहे?

गढ्या ओस का पडल्या?

गढी म्हणजे फक्त श्रीमंताचं मोठं घर नव्हे. ती एक संस्था होती. देशमुख, देशपांडे, पाटील, जहागीरदार यांचा कारभार तिथून चालायचा. सारा तिथे जमा व्हायचा, धान्य तिथे साठवलं जायचं, तंटे तिथे मिटायचे किंवा चिघळायचे. लुटारूंची टोळी आली तर गाव तिच्याच भिंतीआड जायचं.

आष्टीचा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर शेजारचा नगर जिल्हा ब्रिटिश मुलखात. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, संस्थानातली जहागिरदारी कायद्यानं रद्द झाली. ज्या कारभारासाठी अशा गढ्या उभ्या होत्या तो तहसील कचेरीत गेला. नंतरच्या पिढ्या शिक्षण-नोकरीसाठी शहरात गेल्या, वारसांची नावं वाढत गेली आणि एवढ्या मोठ्या वास्तूची डागडुजी कुणी करायची, हा प्रश्न तसाच राहिला.

त्यातून इकडच्या बांधकामाची एक अडचण आहे. अनेक गढ्यांच्या भिंती खाली दगडाच्या आणि वर पांढऱ्या मातीच्या असतात. माथ्यावर छप्पर आहे तोवर ही माती शेकडो वर्षं टिकते. पण कुणीतरी सागवानी तुळया आणि खांब काढून विकले, छत उघडं पडलं, की चार-सहा पावसाळ्यांत भिंत विरघळायला लागते. म्हणजे जिला आपण 'शेकडो वर्षांची पडकी गढी' म्हणतो, ती प्रत्यक्षात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतच पडलेली असू शकते. तिथे राहिलेली माणसं कधीकधी गावात हयातही असतात. व्हिडिओ करणाऱ्यांनी भुताऐवजी त्यांना गाठलं तर जास्त ऐवज मिळेल.

भुयाराची गोष्ट

गढी तिथे भुयार. ते म्हणे पार दुसऱ्या किल्ल्यापर्यंत जातं, आत घोडेस्वार मावतो. बहुतेक वेळा हे 'भुयार' म्हणजे पेव, बळद किंवा सांडपाण्याची मोरी निघते. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार : तोंड अरुंद, आत पोट मोठं. बळद म्हणजे वाड्यातली, भिंतीत किंवा जमिनीखाली बांधलेली धान्याची कोठी.

इथे खरा धोका आहे. बंद पेवात हवा खेळत नाही. आत ओल आणि कुजणारं धान्य असेल तर प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड असल्यानं तळाशीच बसून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. उतरणारा माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. जुन्या काळी पेव उघडल्यावर काही वेळ तसंच ठेवायचे, कंदील सोडून पाहायचे, तो विझला तर कुणी उतरायचं नाही. कंदील पेटता राहिला म्हणून आत जाणं सुरक्षित ठरत नाही. विषारी वायू असेल तर तो कंदिलाला कळत नाही आणि आगही लागू शकते. आजचा साधा नियम म्हणजे अशा जागेत उतरायचंच नाही.

दुसरा धोका डोक्यावर असतो. मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात हे घर गार राहतं, पण छताचं वजन प्रचंड असतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या मातीचा भार हे त्यामागचं मोठं कारण होतं. ओस वाड्यात तुळईला वाळवी लागलेली असते, वर झाडं उगवलेली असतात आणि पावसाळ्यात मातीचा थर पाणी पिऊन आणखी जड होतो. अशा माळवदावर चढून ड्रोन उडवणारे स्वतःच्या वजनाचा हिशेब करत नाहीत.

साप, विंचू आणि कठडा नसलेल्या विहिरी सगळ्यांना माहीत असतात. आग्या मोहोळ मात्र विसरलं जातं. उंच कमानीखाली त्याची पोळी असतात. धूर, अत्तर किंवा ड्रोनच्या आवाजानं माश्या उठल्या तर पळायला वाट एकच असते.

आणि माणसांचा धोका

मुंबईतल्या महालक्ष्मी भागातली शक्ती मिल ही ओस पडलेल्या वास्तूंच्या चर्चेतली सर्वांत कटू आठवण. कापड गिरण्यांच्या पडझडीनंतर ती वर्षानुवर्षं बंद होती. 22 ऑगस्ट 2013 रोजी एक तरुण छायाचित्रकार पत्रकार सहकाऱ्याबरोबर तिथे कामासाठी गेली होती. ओसाड जागांची छायाचित्रं काढणं हेच ते काम. तिथे तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खटल्यात दोषींना शिक्षा झाल्या. तीन जणांना सुनावलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयानं 2021 मध्ये जन्मठेपेत बदलली.

चूक तिथे जाणाऱ्या पत्रकाराची नव्हती. शहराच्या मधोमध, लोकल स्टेशनाला लागून असलेली एवढी मोठी जागा ना दिवा ना पहारा अशी वर्षानुवर्षं सोडून दिलेली होती. 'रिकामी' जागा क्वचितच खरंच रिकामी असते, हेही त्यातून दिसलं.

कायदा काय म्हणतो?

ओस म्हणजे बेवारस नव्हे. गढी खाजगी मालकीची असू शकते, सरकारी असू शकते, वक्फ किंवा देवस्थानाची असू शकते. गावठाणातल्या मिळकतीची नोंद साधारणपणे सातबाऱ्यावर नसते, तिथे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 पाहावा लागतो. तो कर-आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. पण विचारायचं कुणाला, हे त्यातून कळतं.

गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूनं दुसऱ्याच्या मालमत्तेत शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरात घुसल्यास कैद एक वर्षापर्यंत. नुसतं चुकून आत जाणं यात बसत नाही. पण मालकानं 'बाहेर व्हा' म्हटल्यावरही कॅमेरा सुरू ठेवला तर हेतूचा प्रश्न उभा राहतो.

वास्तू केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत असेल तर 1958 चा पुरातन स्मारकांचा कायदा लागू होतो. तिचं नुकसान करणं, भिंतीवर नाव कोरणं यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'राहुल लव्ह पूजा' फार महागात पडू शकतं.

सगळ्यात जास्त गैरसमज गुप्तधनाबद्दल आहेत. 'सापडलं तर आपलं' असा कायदा नाही. 1878 चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्या धनासाठी अघोरी पूजा मांडली तर महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो.

खोदल्यानं नेमकं काय जातं?

गुप्तधन शोधणाऱ्याला सोनं बहुधा मिळत नाही, पण खड्डा राहतो. त्या खड्ड्यानं काय बिघडतं हे समजायला जुन्या गोव्याचं उदाहरण उपयोगी पडतं.

तिथे संत ऑगस्टीनचा भव्य मठ होता. 1602 मध्ये पूर्ण झालेला, जांभ्या दगडाचा. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारनं धार्मिक संघांवर बंदी आणली आणि मठ रिकामा झाला. 1842 मध्ये चर्चची कमानदार छत कोसळली, 1931 मध्ये दर्शनी भाग पडला. आज उभा दिसतो तो 46 मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा तुकडा.

जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये इराणच्या शाह अब्बासनं ठार केलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणला होता. अस्थी मठातल्या सभागृहाच्या एका खिडकीत दगडी पेटीत ठेवल्याचं जुन्या पोर्तुगीज कागदांत नोंदलेलं होतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं तो ढिगारा वर्षानुवर्षं थरांनुसार उपसला. 2005 च्या सुमारास हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेनं त्याची डीएनए तपासणी केली. त्यातला मातृवंशाचा प्रकार भारतातल्या नमुन्यांत आढळला नाही, जॉर्जियातल्या नमुन्यांत आढळला.

हे जमलं, कारण खिडकी कोणती आणि सभागृह कोणतं हे ढिगाऱ्यात अजून ओळखू येत होतं. कुणी आधीच सोन्यासाठी तिथे पहार घातली असती तर ते हाड नुसतं एक हाड राहिलं असतं. जुलै 2021 मध्ये भारतानं या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

आष्टीहून कुठे जाता येईल?

परवानगीची भानगड नको असेल तर जवळच चांगल्या जागा आहेत. शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्ड्याचा भुईकोट आहे. 11 मार्च 1795 च्या लढाईत मराठ्यांकडून हरल्यावर निजामानं याच किल्ल्याचा आसरा घेतला होता. सप्टेंबर 2022 मध्ये आष्टी-नगर रेल्वे सुरू झाली, साधारण 66 किलोमीटरचा मार्ग. अहिल्यानगरजवळ निजामशाहीतला फराहबाग महाल आहे, एके काळी तलावाच्या मधोमध असलेला. आणि डोंगरावर 'चांदबीबी महाल' आहे. तिथे चांदबीबी कधी राहिली नाही, तो महालही नाही. ती निजामशाहीचा मंत्री दुसरा सलाबतखान याची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे. बीडच्या खजाना विहिरीशीही सलाबतखानाचंच नाव जोडलं जातं.