डॉक्टरांची चिठ्ठी कागदावर की कॉम्प्युटरवर?

झोपेच्या, घबराटीच्या किंवा तीव्र वेदनेच्या काही गोळ्यांची सवय लागते, म्हणून कायदा त्यांच्यावर नजर ठेवतो. मालेगावात जिला ‘कुत्ता गोली’ म्हणतात, ती अल्प्राझोलाम याच यादीतली. 1 मार्च 2014 पासून आपल्याकडे ‘शेड्यूल एच-1’ लागू आहे. यातलं औषध देताना मेडिकलवाल्याने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते 3 वर्षं जपायचं.

मग गळती कुठे? चिठ्ठी कागदाची असते. 10 चे 100 करता येतात. तीच चिठ्ठी चार दुकानांत फिरवता येते, कारण एका दुकानाचं रजिस्टर दुसऱ्याला दिसत नाही.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने 27 मार्च 2016 पासून इलेक्ट्रॉनिक प्रिस्क्रिप्शन बंधनकारक केलं. अशा औषधासाठी डॉक्टरला दोन प्रकारे ओळख पटवावी लागते, मग चिठ्ठी थेट दुकानाच्या कॉम्प्युटरवर जाते. खाडाखोड करायला हातात कागदच उरत नाही. यंत्रणा बंद पडली तर सूट आहे, नाहीतर खरा रुग्णच अडकेल.

अर्थात, चिठ्ठीविना चोरून होणारी विक्री याने थांबत नाही. आणि आपल्याकडे कागदी चिठ्ठी आजही चालते. म्हणून अम्मी-अब्बांच्या अशा गोळ्या मोजून कुलपात ठेवा, चिठ्ठी कुणाला देऊ नका. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या गोळ्या अचानक बंदही करू नका.