मनावरचा ताण हलका कसा करावा?



शिवारफेरीला गेलो की प्रश्न येतात ते हुमणीचे, करप्याचे, डाऊनीचे. बांधावरून परत निघताना मात्र कुणीतरी हळूच जवळ येऊन म्हणतो, "साहेब, रात्री झोपच लागत नाही हो." याचे औषध आमच्या फवारणीच्या तक्त्यात नसते. मग आम्हीही "होईल सगळं ठीक" असे म्हणून गाडीला किक मारतो. हे काही बरोबर नाही. पिकाच्या ताणावर आपण तासन् तास बोलतो. माणसाच्या ताणावरही तसेच उघडपणे बोलले पाहिजे.

आटपाडी भागातल्या डाळिंब बागायतदारांना ताण म्हणजे काय ते सांगायला नको. बहार धरण्यासाठी झाडाचे पाणी तोडायचे, पानगळ होऊ द्यायची, मग छाटणी करून, खत घालून पाणी सोडायचे. जमीन हलकी असेल तर ताणाचे दिवस कमी, भारी असेल तर जास्त. पण पाणी कधी सोडायचे हे आधी ठरलेले असते. ताण बेमुदत लांबला तर झाड बहरत नाही, वाळते. माणसाचेही असेच आहे. सुगीच्या, लावणीच्या दिवसांत थोडा ताण असतोच, त्यानेच माणूस पहाटे उठून कामाला लागतो. घात करतो तो मुदत नसलेला ताण.

तो शरीरात काय करतो ते पाहा. कराड, पाटण, शिराळा भागात उसात बिबट्या दिसला की छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, हातापायांत बळ येते, भूक मरते. पळायला किंवा सामना करायला शरीराने केलेली ती तयारी असते. बिबट्या गेला की घटकाभरात सगळे निवते. पण बँकेची नोटीस, मुलीच्या लग्नाचा खर्च, दराची चिंता हा बिबट्या उसातून बाहेरच पडत नाही. शरीर रात्रंदिवस तयारीत राहते. मग डोके दुखणे, पित्त, रक्तदाब, बारीक गोष्टीवरून घरात आरडाओरडा आणि पहाटे तीनला टक्क डोळे उघडणे सुरू होते. "मन घट्ट करा" या सल्ल्याने हे थांबत नाही. काळजीला कुठेतरी खूण बांधावी लागते. अमुक तारीख, अमुक फूट, अमुक रुपये आले की काय करायचे ते आधीच ठरवायचे आणि तोवर तो विषय बाजूला ठेवायचा.

कृष्णाकाठचे उदाहरण घेऊ. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. तेव्हापासून कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की काठावरच्या घरात कुणाचा डोळा लागत नाही. दर घटकेला मोबाईल बघायचा, त्यावर दहा जणांचे दहा निरोप, निम्मे खोटे. त्यापेक्षा मे महिन्यात, कोरड्या दिवसांत, घरातली सगळी माणसे एकत्र बसा. मागच्या पुरात आपल्या गोठ्यात पाणी शिरले तेव्हा पुलाजवळ किती फूट होते ते जुन्या माणसांना, तलाठ्यांना विचारा. समजा ४३ होते. तर ३० फुटांना नदीवरची मोटर वर काढायची, ३५ ला जनावरे पाहुण्यांच्या गावी, ३८ ला म्हातारी माणसे, लहान मुले आणि कागदपत्रे, असे लिहून भिंतीला लावा. हे आकडे नमुन्याचे आहेत, आपले आपण ठरवावेत. पाणी किती चढणार हे आपल्या हातात नाही. पण कोणत्या फुटाला कोण काय उचलणार हे ठरले की पाणी २५ फूट असताना निवांत झोपता येते. गावातून निघण्याचा सरकारी आदेश आधी आला तर मात्र आपल्या आकड्याची वाट बघू नका.

आता कर्ज. सगळ्यात जास्त झोप यानेच उडते, आणि याविषयीच घरात सगळ्यात कमी बोलले जाते. कर्जदाराला विचारले, एकूण किती? तर तो म्हणतो, "बक्कळ आहे." या 'बक्कळ'ला काठ नसतो, म्हणून तो रात्री मोठा होत जातो. एक वही घ्या. विकास सोसायटी, बँक, पतसंस्था, सोनेतारण, बायकोच्या नावावरचे गटाचे कर्ज, खतदुकानाची उधारी, पाहुण्यांकडची उसनवार, सावकार, सगळे एका पानावर उतरवा. प्रत्येकापुढे रक्कम, परतफेडीची तारीख आणि व्याज. व्याज वर्षाचे लिहा, महिन्याचे नको. 'शेकडा तीन' ऐकायला किरकोळ वाटते. पण महिन्याला शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के, लाखाला ३६ हजार रुपये! याउलट तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत भरले तर सवलतीमुळे त्यावर व्याजाचा भार जवळजवळ पडत नाही. म्हणून सोसायटी थकू द्यायची नाही, आणि हातात जादा पैसा आला की आधी सगळ्यात महाग कर्ज फेडायचे. कित्येक जण उलटे करतात. जो दारात येऊन ओरडतो त्याला आधी देतात.

पीक बुडाले आणि हप्ता भरणे जमणार नसेल तर तारीख उलटायच्या आत बँकेत किंवा सोसायटीत जाऊन लेखी सांगा. सरकारने आपत्ती जाहीर केली असेल तर पीककर्जाचे पुनर्गठन, म्हणजे हप्ते पुढे पाडून घेणे, होऊ शकते. तोंड चुकवल्याने ते होत नाही. परवाना नसताना सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे. असा सावकार दमदाटी करत असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते. आणि ही वही घरधनिणीला दाखवा. "तिला कशाला घोर?" असे पुष्कळ जण म्हणतात. तिला घोर असतोच, फक्त आकडा माहीत नसतो. दागिना कोणता मोडायचा, कोणत्या खर्चाला कात्री लावायची, यात तिचे डोके आपल्यापेक्षा चांगले चालते, हा माझा घरचा अनुभव आहे.

ऊसवाल्यांचा घोर वेगळा. तुरे आले, वजन घटतेय आणि टोळीचा पत्ता नाही. रोज कारखान्याच्या गेटवर जाऊन काही हाती लागत नाही. लागवडीची नोंद झाली तेव्हाची पावती जपून ठेवा, चिटबॉयकडून आपल्या नोंदीची तारीख आणि क्रम विचारून घ्या, आणि आठवड्यातून एकच दिवस चौकशीचा ठेवा. ऊस गेल्यावर एफआरपीप्रमाणे पैसे १४ दिवसांत मिळावेत असा नियम आहे, तीही तारीख वहीत मांडा.

तासगाव, पलूस, मिरज भागातल्या द्राक्षवाल्यांना एकच सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर ढग आले की शेजाऱ्याने ब्लोअर जोडला म्हणून आपणही जोडायचा, ही फवारणी रोगासाठी नसून भीतीसाठी असते. पाने किती वेळ ओली राहिली, पानामागे डाऊनीचे पांढरे बुरशीचे डाग आहेत का, हे आधी बघा. दराचेही तसेच. अमुक दराला माल तोडायचा किंवा बेदाणा सोडायचा, हे हंगामाआधी खर्च मांडून ठरवा. मग पुढच्या आठवड्यात चार रुपये वाढले तरी जीव जळत नाही. (थोडा जळतोच, पण तेवढे चालायचे.)

झोपेचा मोठा शत्रू म्हणजे रात्रपाळीची वीज. सौर फिडरमुळे काही गावांत दिवसा थ्री फेज मिळू लागली आहे, पण पुष्कळांना अजून आळीपाळीने रात्री पाण्यावर जावे लागते. रात्रभर दारे धरून सकाळी तसेच गोठ्यात आणि दुपारी बाजाराला, असे आठवडाभर चालले की कोणत्याही माणसाचे डोके ठिकाणावर राहात नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात दूध घालून आल्यावर सकाळी नऊ-दहापासून चार-पाच तास अंधाऱ्या खोलीत झोपा आणि घरच्यांनीही त्या वेळी हाक मारू नये. तीन वाजताचा चौथा कप चहा आणि तंबाखूचा बार सोडा. दोघा भावकीवाल्यांनी मिळून पाळी लावली तर एक रात्र आड झोप मिळते, शिवाय अंधारात साप-विंचवाची सोबतीला भीती कमी. ऐपत असेल तर मोबाईलवर चालणारा स्टार्टर आणि ठिबक हा मला ताणावरचा सगळ्यात खरा उपाय वाटतो.

बाकीचे थोडक्यात. छाती धडधडू लागली की बांधावर बसून नाकाने श्वास घ्या आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून हळू सोडा. असे दहा वेळा. आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, पैसे पडत नाहीत. दारूने डोळा मिटतो पण झोप मोडकी लागते, आणि सकाळी खिसाही रिकामा असतो. बेंदराला आपण बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून त्याला जू लावत नाही. आपल्या खांद्यालाही आठवड्यात एक सांज मोकळी असावी. भजन असो, तालमीतली कुस्ती असो, पारावरच्या गप्पा असोत. त्या वेळी कर्जाचा विषय काढायचा नाही.

इतके करूनही दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण नाही, कशात मन रमत नाही, जगून काय करायचे असे विचार येतात, तर तो आजार समजावा. कावीळ झाल्यावर डॉक्टरकडे जातो तसेच इथेही जायचे. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, सांगली-मिरजेच्या सिव्हिलमध्ये मनाच्या डॉक्टरांची सोय आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी फोन रात्रंदिवस चालू असतो, मराठीतून बोलता येते, पैसे लागत नाहीत. घरातला माणूस गप्प गप्प झाला, देणीघेणी अचानक मिटवू लागला, निरवानिरवीची भाषा बोलू लागला तर सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात भरत नाही. उलट ओझे उतरते. त्याला एकटे सोडू नका.

आणि कीटकनाशके माजघरात, पलंगाखाली ठेवू नका. लागेल तेवढेच आणा, उरलेले घरापासून लांब कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर अशा मृत्यूंची संख्या खूपच खाली आली. ती लाट बहुधा घटकाभराची असते, आणि त्या घटकेला हाताशी विष नसले तर माणूस वाचतो. विष घेतले गेलेच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली बरोबर न्या.

ही पत्रिका घरात सर्वांना वाचून दाखवावी. १४४१६ हा आकडा विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर, झाकणाच्या आतल्या बाजूला, ऑईलपेंटने लिहून ठेवा.