रेझिनचा पार्ट की ‘पीक’चा? आधी कडक आणि चिवट यातला फरक समजून घ्या

पंपाचा बुश झिजला, मशीनची क्लिप तुटली की “थ्रीडी प्रिंटरवर छापून घेऊ” असं आता वर्कशॉपमध्ये सहज बोललं जातं. पण छापायचं कशात? सिरॅमिक भरलेलं रेझिन आणि ‘पीक’ (शेतातलं नव्हे, पॉलिइथर इथर कीटोन नावाचं प्लास्टिक) ही दोन्ही नावं उष्णता सोसणारी म्हणून एकत्र घेतली जातात. दोघांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा आहे.

रेझिन : कडक, पण ठिसूळ

पातळ रेझिनमध्ये सिरॅमिकची बारीक पूड मिसळलेली असते. प्रिंटर ते अतिनील प्रकाशाने थरावर थर घट्ट करतो. माप अचूक येतं, पृष्ठभाग गुळगुळीत येतो. ताठरता 10 गिगापास्कलपर्यंत जाते. साध्या पीकची 4 च्या आसपास असते. म्हणजे भार दिला तरी रेझिन कमी वाकतं. पण जेमतेम 1-2 टक्के ताणलं की चिनी मातीच्या बशीसारखं तडकतं.

पीक : महाग, पण चिवट

पीक तुटण्याआधी 20 टक्क्यांहून जास्त ताणलं जाऊ शकतं. हादरे, घर्षण, तेल, गरम पाणी सगळं सोसतं. त्यामुळे बेअरिंग, पंपाचे भाग, कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्ह प्लेटा यातून बनतात. छापायला मात्र 400 अंशांच्या आसपास तापणारं नोझल आणि गरम चेंबर लागतं. साध्या प्रिंटरचं ते काम नाही. त्यापेक्षा रॉड आणून लेथवर कातून घेणं बरं.

तापमानाचा आकडा नीट वाचा

काही रेझिनच्या माहितीपत्रकावर 250 अंशांपेक्षा जास्त आकडा असतो. तो हलक्या भाराखाली केलेल्या थोड्या वेळाच्या चाचणीचा असतो. वर्षानुवर्षं तेवढं तापवून चालेल, असा त्याचा अर्थ नाही. पीक 343 अंशांना वितळतं आणि 250 अंशांपर्यंत सतत वापरता येतं. तेही 143 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, म्हणून जास्त भाराला काचतंतू भरलेलं पीक घ्यावं.

मग निवडायचं काय?

जिग, साचा, मापाचं मॉडेल, म्हणजे जागेवर बसून राहणारी वस्तू असेल तर रेझिन. फिरणारा, घासणारा, हादरे खाणारा, आटे कसायचा पार्ट असेल तर पीक. ऑर्डर देताना “किती तापतो?” एवढंच सांगू नका. आधीचा पार्ट झिजला, वाकला की तडकला, तेही सांगा. ऐन हंगामात मशीन बंद पडण्यापेक्षा हा प्रश्न आधी विचारलेला स्वस्त पडतो.