कीर्तनाने ओळखलेला श्रोता

सुवार्ता सांगणाऱ्याने आधी समोरच्याची आध्यात्मिक तयारी ओळखावी, हे आता शिबिरांतून नवा शोध लागल्यासारखे शिकवतात. आमच्या कन्नडच्या बाजूला, पिशोर-नागद-चापानेरच्या वाटांवर ज्यांची हयात गेली, त्या जुन्या प्रचारकांचा तो रोजचाच व्यवहार होता.

आरंभीच्या मिशनकाळाविषयी फार लिहीत नाही. रस्त्यावर वादविवाद, पत्रके, शाळा, हे सर्वांना ठाऊक आहे. एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला, आणि मिशनच्या आश्रयाला गेलेला त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केला. त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि शहर पेटले. पोराच्या मनाची तयारी किती आणि घराची किती, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढे आहे. हेच नारायणराव पुढे मराठवाड्यात आले. सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवले. तिथे माणसे प्रवचनाइतकीच शेजाराने जवळ आली.

माझ्या जिव्हाळ्याचा विषय मात्र ख्रिस्ती कीर्तन. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळ्यांनी ते उभे केले आणि नारायण वामन टिळकांनी त्यात प्राण ओतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. म्हणून श्रोता कुठे उभा आहे हे त्यांना उमगे. कीर्तनकाराला माणूस वाचायला सवड मिळते. नमनाला मंडळी नुसती बसलेली असतात. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण चालू असताना धृपद कोण उचलतो, कोण नुसते ओठ हलवतो, कोण टाळ खाली ठेवतो, हे दिसत असते. त्यावरून आख्यान ठरते. जिथे धृपद उचलले जाते तिथे उधळ्या पुत्राची कथा वधस्तंभापर्यंत नेता येते. जिथे टाळ खाली ठेवले गेले, तिथे दयाळू शोमरोन्याची कथा सांगून थांबावे. माझे गुरुजी असे थांबत, आणि पुढच्या वर्षी त्याच गावातून त्यांना बोलावणे येई.

खरी बोलणी पेटी बंद झाल्यावर होत. कंदिलाजवळ दोघेतिघे रेंगाळत. त्यांचा पहिला प्रश्न त्रैक्याचा कधीच नसे. पोरीच्या लग्नाला भावकी येईल का, मयतीला खांदा कोण देईल, कुळाचाराचे काय, हे विचारीत. शिबिरवाले याला अडथळा म्हणतात. मी याला मोकळेपणा म्हणतो. ज्याला पाऊल टाकायचेच नाही, तो मयतीचा विचार कशाला करील? उलट, आजारपणात घाबरून दिलेला होकार हा मोकळेपणा नव्हे. दवाखान्याच्या खाटेजवळ निर्णय मागणारे आमच्यातच आहेत. ते मला पटलेले नाही आणि पटणारही नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेत जेम्स एंगेल यांनी माणसाच्या विश्वासयात्रेची एक मोजपट्टी मांडली. ती उणे आठपासून सुरू होते. देव आहे असे वाटते पण सुवार्तेची माहिती नाही, ती पहिली पायरी. पट्टी टाकाऊ नाही. निर्णय एका रात्रीत होत नाही एवढे तिने शिकवले. पण आमच्या काही बंधूंनी तिचे तक्ते छापले आणि घराघराला आकडे दिले. वारकरी घर कुठल्या आकड्यात बसवणार? देवाची ओढ तिथे आधीपासून आहे, नामस्मरण रक्तात आहे. अशा माणसाला उणे म्हणणाऱ्याचे पुढचे बोलणे तो कशाला ऐकेल? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली वाँटेजला झाला; आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळायला आणखी कितीतरी वर्षे लागली, असे त्यांनीच पुढे लिहिले. तक्त्याच्या हिशेबात त्या केव्हाच पोहोचल्या होत्या.

आता आमच्याकडे मोठे स्पीकर आले, कीबोर्ड आला, हिंदीतून उतरवलेली गाणी आली. दोन तासांच्या सभेत वक्ता श्रोत्याकडे पाहतो ते हात वर करायला सांगताना. कीर्तन शिकवायची मागणी केली की ‘ती हिंदू पद्धत’ असे ऐकवतात. फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले, याचा त्यांना विसर पडतो.

या बंधूंनी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडावीत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षे ताटातुटीची, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे टिळकांनी सांभाळू दिले. महाराष्ट्रातला सर्वांत समर्थ ख्रिस्ती कवी स्वतःच्या घरात घाई करत नव्हता. जातिभेद माणसाने केला, हे बाईंना त्यांच्याच विचाराने पटले आणि मग त्यांनी सर्वांच्या हातचे पाणी घेतले. पिशोरच्या अंगणात तासाभरात निर्णय मागणाऱ्यांनी टिळकांपेक्षा आपल्याला अधिक काय कळते, ते एकदा सांगावे.