लहान इंजिन की मोठं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कवीनं मोटारीच्या इंजिनावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण भाच्याचा चिपळूणहून फोन आला आणि पुढचे दोन महिने वही बाजूला ठेवून मला डिझेल इंजिनांचाच अभ्यास करावा लागला. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, दर पंधरा दिवसांनी तपासणीसाठी कराडला आणावं लागतं. मध्ये कुंभार्ली घाट. एसटीचे धक्के तिला सोसत नाहीत आणि दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही.

"मामू, जुनी डिझेल गाडी घ्यायची म्हणतो," भाचा म्हणाला. "दोन बघून ठेवल्यात. दोन्ही २०१६ च्या क्रेटाच. एक चौदाशेची, एक सोळाशेची. सोळाशेच्या गाडीला लाखभर जास्त सांगतायत. कुठली घेऊ?"

लाखभर रुपये म्हणजे बहिणीच्या कित्येक महिन्यांच्या तपासण्या. ते उगाच घालवायचे नव्हते. पण ते वाचवण्याच्या नादात गाडी घाटात बसली, तर तेही चालणार नव्हतं. असाच पेच अनेक घरांत पडत असणार, म्हणून मला जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

आधी ही चौदाशे-सोळाशेची भानगड समजून घेऊ. इंजिनात नळकांडी असतात, त्यांना सिलिंडर म्हणतात. त्यांत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो. तो खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो, तिचं माप घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे सीसीत सांगतात. भाच्यानं पाहिलेली लहान गाडी १३९६ सीसीची, मोठी १५८२ सीसीची. दोन्हींना सिलिंडर चारच. सगळ्या सिलिंडरांची मिळून जागा पहिलीत सुमारे एक लिटर चारशे मिलिलिटर, तर दुसरीत एक लिटर सहाशेच्या जरा खाली. फरक एका चहाच्या पेल्याएवढा! तेवढ्यासाठी लाखभर रुपये मोजायचे का, असा तो प्रश्न होता.

लोकांचा ठोकताळा सरळ असतो : मोठं इंजिन म्हणजे ताकद, लहान इंजिन म्हणजे काटकसर. तो अर्धाच खरा आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं १८९७ साली आउग्सबुर्ग इथं आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. ते सुमारे तीन मीटर उंच होतं, त्याचा एकच सिलिंडर जवळजवळ वीस लिटरचा होता आणि त्यातून निघाली वीस अश्वशक्ती. आपल्याकडे १९९८ साली इंडिका आली, तिच्या १४०५ सीसीच्या डिझेल इंजिनाची शक्ती होती सुमारे ५३. आणि २००७ साली आलेल्या डिझेल स्विफ्टनं अवघ्या १२४८ सीसीतून ७५ अश्वशक्ती काढली. जागा कमी झाली आणि जोर वाढला!

ही करामत दोन गोष्टींची. एक म्हणजे कॉमन रेल, ज्यात डिझेल प्रचंड दाबाखाली अतिशय बारीक फवाऱ्यानं सोडलं जातं. दुसरी म्हणजे टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून जोर जास्त. लहान चुलीला फुंकणी मिळाली की ती मोठ्या चुलीचं काम करते, तसंच हे.

पण फुंकणीची एक अडचण आहे. धूर पुरेसा असेल तरच पंखा फिरणार. इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड हजाराच्या खाली गेले, की बहुतेक टर्बो मंदावतात. त्या क्षणी इंजिन आपल्या मूळच्या बळावर उरतं. लहान इंजिनाचं मूळचं बळ लहान आणि मोठ्याचं मोठं. फरक असा खरा जाणवतो तो याच जागी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर तो फारसा कळतसुद्धा नाही.

नुसता सीसीचा आकडा किती फसवा असतो, याचं उदाहरण म्हणजे २०१२ साली आपल्याकडे आलेली डस्टर. तिचं डिझेल इंजिन एकाच मापाचं, १४६१ सीसीचं. पण तेच इंजिन ८५ आणि ११० अशा दोन अश्वशक्तींत मिळायचं, कारण टर्बो आणि गिअरबॉक्स वेगळे. ११० वालीचा जोर महामार्गावर दिसायचा. गावातल्या गर्दीत मात्र ८५ वालीच चालवायला सोपी, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, कारण तिचा जोर कमी फेऱ्यांवर हाताशी येतो.

म्हणून जाहिरातीतल्या अश्वशक्तीबरोबर आणखी एक आकडा पाहावा. तो टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या पिळाचा. तो न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. चौदाशेच्या क्रेटाची शक्ती ९० आणि पीळ २२०. सोळाशेचीची शक्ती १२८ आणि पीळ २६०. शक्तीतला फरक डोळ्यांत भरतो. पिळातला तेवढा मोठा नाही. आणि चढावर वळण घेऊन गाडी पुन्हा उचलायची असते, तेव्हा कामाला येतो तो पीळच.

आता घाटाचा हिशेब करू. गाडी, तीन माणसं आणि सामान मिळून दीड हजार किलो धरा. चढ सहाशे मीटरचा धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवर न्यायला लागणारी ऊर्जा कोणत्याही इंजिनाला सारखीच, साधारण पाऊण लिटर डिझेलची. आणि शंभर मीटरला सहा मीटर अशा चढावर ताशी चाळीसच्या वेगानं चढायला वीस अश्वशक्तीसुद्धा पुरते. म्हणजे नव्वदची गाडी काय किंवा सव्वाशेची काय, घाट चढण्याएवढी ताकद दोघींतही भरपूर आहे.

मग लहान इंजिनाच्या गाड्या घाटात का रडतात? याचं उत्तर मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनी, बिनटर्बोची लहान डिझेल गाडी होती. चिपळूणच्या लग्नाहून परतताना तीत आम्ही सात जण कोंबलेले, वर आहेराची भांडी. पोफळी मागे टाकली आणि चढ सुरू झाला. प्रत्येक वळणावर वेग मरायचा. पहिला गिअर टाकायचा कमीपणा वाटायचा, म्हणून मी दुसऱ्यातच क्लच अर्धा दाबून गाडी रेटत होतो. शेवटी जळका वास आला, आणि भर पावसात गाडी जी थांबली ती थांबलीच. मागून आलेल्या ट्रकवाल्यानं दोर लावून वर ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "साहेब, गाडी तुम्ही इंजिनानं नाही चढवली, क्लचनं चढवलीत." त्यात इंजिनाचा दोष नव्हता. ओझं माझं होतं आणि चूकही माझीच.

आमचे आजोबा सांगायचे, भरलेली बैलगाडी घाटाच्या पायथ्याला आली की जादा बैलजोडी जुंपायचे. सपाटीवर ती जोडी पोसत बसत नसत. मोटारीला अशी सोय नाही. घाटासाठी घेतलेलं मोठं इंजिन वर्षभर पोसावं लागतं.

या पोसण्याचा खर्च किती? प्रमाणित चाचणीत चौदाशेची क्रेटा लिटरला २१.३८ किलोमीटर आणि सोळाशेची १९.६७ किलोमीटर देते. प्रत्यक्षात दोन्ही त्याहून कमीच देतात, पण तुलनेपुरते हे आकडे घेऊ. वर्षाला बारा हजार किलोमीटर फिरलं, तर फरक पडतो ४९ लिटरचा. डिझेल नव्वद रुपये धरलं तर सुमारे चार हजार चारशे रुपये. दुसरा खर्च सहसा कुणी सांगत नाही, तो विम्याचा. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता सीसीप्रमाणे ठरतो आणि सीमारेषा आहे दीड हजारांवर. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, तर त्यावरच्या गाडीला ७,८९७ रुपये. म्हणजे आणखी साडेचार हजारांचा फरक. दोन्ही मिळून वर्षाला नऊ हजारांच्या आसपास. फार नाही, पण पाच वर्षांत पंचेचाळीस हजार होतात, शिवाय खरेदीचे लाखभर जादा.

मग मोठं इंजिन कुणी घ्यावं? ज्यांच्या गाडीत कायम पाच-सात माणसं असतात, ज्यांचा रोजचा रस्ता घाटाचा आहे, किंवा ज्यांना दुपदरी महामार्गावर भरल्या गाडीनिशी सतत ट्रक ओलांडावे लागतात, त्यांनी जरूर घ्यावं. ओव्हरटेक करताना समोरून गाडी येत असते, तेव्हा हाताशी असलेला जादा जोर ही चैन नसते. अशा कामाला लहान इंजिन घेतलं तर ते रोज शेवटच्या दमापर्यंत पळतं आणि लवकर थकतं.

पण याची दुसरीही बाजू आहे. मोठं डिझेल इंजिन रोज चार किलोमीटरवरच्या कचेरीत किंवा मुलांच्या शाळेपर्यंतच नेलं, तर तेही आजारी पडतं. ते पुरतं तापतच नाही. काजळी साठते, ईजीआर झडप चिकटते, टर्बोच्या हलत्या पात्या अडकतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानकं आली. तेव्हापासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरणारी जाळी असते. ती मोकळी व्हायला गाडी अधूनमधून लांब आणि वेगानं पळावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्यानं डिझेल गाडी घेऊच नये, लहान नाही आणि मोठीही नाही. तसंही २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास अंतर पडलं होतं. ते आता निम्म्यावरही राहिलेलं नाही.

म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत इंजिन किती मोठं, यापेक्षा ते आजवर कसं वापरलं गेलं, हे आधी विचारावं. गाडी पाहायला सकाळी जावं आणि आधी बॉनेटला हात लावावा. गरम लागलं तर मालकानं गाडी आधीच सुरू करून ठेवली, असं समजावं. थंड इंजिन एका चावीत सुरू व्हायला हवं. धुराकडे पाहावं : निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, जोर लावताना भरपूर काळा धूर म्हणजे हवा आणि डिझेलचं गणित बिघडलंय, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग गाडी चढावर न्यावी. तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच संपलाय. तो खर्च किमतीतून कापून घ्यावा. टायमिंगला रबरी पट्टा असेल तर तो कधी बदलला, याची पावती मागावी. तो तुटला तर इंजिनच उघडावं लागतं.

हे सगळं घोकून मी चिपळूणला गेलो. सोळाशेची गाडी दिसायला नवी कोरी आणि जेमतेम चाळीस हजार किलोमीटर फिरलेली. पण ते चाळीस हजार मुंबईत, एका उपनगरातल्या उपनगरात. सुरू करताना तिनं दोनदा आढेवेढे घेतले आणि चढावर मागे काळा ढग सोडला. सर्व्हिसचं पुस्तक "सापडत नाही" म्हणाले. चौदाशेची ऐंशी हजार फिरलेली. मालक एकच, औषधांचा फिरता विक्रेता. सगळं फिरणं महामार्गावरचं आणि प्रत्येक सर्व्हिसची पावती फाईलला लावलेली. क्लच मात्र संपत आलेला.

भाच्याला एकच विचारलं, "गाडीत माणसं किती असणार?"

"मी, अम्मी आणि कधीमधी बायको."

तिघांसाठी नव्वद अश्वशक्ती पुरे होती. सात जण असते तर मी त्याला सोळाशेचीच, पण दुसरी शोधायला लावली असती. आम्ही चौदाशेची घेतली. क्लचचे पैसे किमतीतून कापून घेतले आणि पहिल्याच आठवड्यात नवा बसवला. भाच्याला एवढंच बजावलं, की वळणावर पहिला गिअर टाकायला लाजू नकोस.

आजवर त्या गाडीनं कुंभार्लीच्या बऱ्याच फेऱ्या केल्या. परवा बहीण आली, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "आपा, घाटात गाडी कशी चढते?" ती म्हणाली, "मला काय ठाऊक? हेळवाक येईपर्यंत मला झोप लागलेली असते."