मोडेमला न कळलेला सूर

कोपरखैरण्यातील आमच्या जुन्या लॅपटॉपचा मोडेम ‘जळाला’ असा निकाल एका दुरुस्तीवाल्याने दिला. यंत्र भंगारात निघाले. वास्तविक दोष सुराचा होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वांना खुले केलेले इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरूनच येई. त्यासाठी मोडेम अंकांचा ध्वनी व ध्वनीचे अंक करतो; पण क्रमांक फिरवण्यापूर्वी डायलटोन शोधतो. अमेरिकेतील टोन ३५० व ४४० हर्ट्झचा, आपला ४०० च्या आसपासचा. म्हणून अमेरिकी मांडणीचा मोडेम ‘डायलटोन नाही’ म्हणत अडून बसतो. रिसीव्हरमध्ये आपल्याला मात्र तो स्वच्छ ऐकू येतो! उपाय फुकटचा. मोडेमच्या जादा आज्ञांच्या रकान्यात ‘एक्स३’ लिहावे. मग तो टोनची वाट पाहत नाही. मी तसे करून घरच्या मोबाईलचा क्रमांक दिला, आणि मोबाईल वाजला.